'मॉब सायको १००' : शंभराकडे सरकणारा आकडा आणि एक अबोल मुलगा

कुटुंब जेवायला बसले आहे. आठवीच्या वयाच्या मुलाच्या हातातला चमचा जोर न लावताच वाकतो, आणि ते पाहून घरात कोणाचीही बोबडी वळत नाही; चमचा पुन्हा खराब केला म्हणून आई तेवढी रागावते. 'मॉब सायको १००' या जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिकेच्या पहिल्याच भागातले हे छोटे दृश्य मला साऱ्या मालिकेची खरी ओळख वाटते. वस्तू हवेत उचलणे, भुतांना क्षणात नाहीसे करणे, वेळ आलीच तर इमारती मुळासकट उपटणे, एवढे सगळे ज्याला जमते त्या मुलाला स्वतःच्या शक्तीचे काडीचेही अप्रूप नाही. लहानपणापासून आवडणाऱ्या त्सुबोमी नावाच्या मुलीने आपल्याकडे एकदा नीट पाहावे आणि चार माणसांत आपल्याला धड बोलता यावे, एवढेच त्याला हवे आहे, आणि नेमक्या या दोन गोष्टींसाठी त्याची शक्ती कुचकामी आहे.

या मुलाचे नाव शिगेओ कागेयामा, पण सगळे त्याला मॉब म्हणतात. जपानी चित्रकथांच्या बोलीत गर्दीतल्या, नाव-चेहरा नसलेल्या पात्राला हाच शब्द वापरतात, त्यामुळे टोपणनावातच त्याची शाळेतली जागा कळते. 'वन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकथाकाराची मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या 'उरा संडे' या संकेतस्थळावर २०१२ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झाली आणि पुढे तिचे १६ खंड निघाले. 'बोन्स' या स्टुडिओने तिच्यावरून केलेल्या अ‍ॅनिमेची तीन पर्वे २०१६, २०१९ आणि २०२२ मध्ये आली. त्यांचे भाग अनुक्रमे १२, १३ आणि १२, म्हणजे एकूण ३७ आहेत, आणि प्रत्येक भाग साधारण २४ मिनिटांचा आहे. संपूर्ण मंगा या तीन पर्वांत सामावली असल्यामुळे गोष्ट अर्धवट सोडून दिल्याची हळहळ प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही, हे अ‍ॅनिमेच्या जगात वाटते तितके सर्रास घडत नाही.

नावातला १०० हा आकडा मॉबच्या मनाचा आहे. लहानपणी मोठ्या मुलांनी त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, रित्सुला, गाठले असताना त्याचा तोल गेला होता आणि त्याच्याच शक्तीने रित्सु जखमी झाला होता. तेव्हापासून मॉबने राग, दुःख, भीती, सगळे आत दाबून ठेवण्याची सवय लावून घेतली. दाबलेले ते सारे साठत जाते, मधूनच पडद्यावर टक्क्यांचा आकडा झळकतो, आणि तो १०० वर पोहोचला की स्फोट होतो. प्रत्येक स्फोटाला त्या त्या भावनेचे नाव असते: कधी राग, कधी दुःख आणि एका निर्णायक प्रसंगी चक्क कृतज्ञता. एरवी अशा मालिकांत नायकाची ताकद वाढली की प्रेक्षक सुखावतो. इथे आकडा चढू लागला की माझ्या पोटात कालवाकालव होत असे, कारण स्फोटानंतर मॉबला हायसे वाटत नाही, उलट पुन्हा आपल्या हातून तेच घडले याची शरम त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

तिसऱ्या भागात एक पंथ येतो. तिथे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर हसरे मुखवटे आहेत आणि आनंदी राहणे सक्तीचे आहे. मॉबला हसू येत नाही. तोंडात दूध धरून हसू आवरण्याच्या स्पर्धेतही तो निर्विकार उभा राहतो, आणि मग आजूबाजूचे वातावरण याला ओळखता येत नाही म्हणून त्याचीच हेटाळणी सुरू होते. वरवर हा सगळा विनोदी प्रकार आहे, पण ज्याने कधी लग्नघरात किंवा वर्गात 'असा काय गप्प बसला आहेस?' हा प्रश्न दहा वेळा ऐकला असेल, त्याला या प्रसंगातला छळ लगेच ओळखू येईल.

मॉबच्या बरोबरीने ही मालिका आराताका रेगेन या माणसाची आहे. भुताखेतांच्या तक्रारींवर सल्ला देणारे छोटेसे कार्यालय तो चालवतो, स्वतःला एकविसाव्या शतकातला सर्वांत मोठा सिद्धपुरुष म्हणवून घेतो, आणि त्याच्या अंगी शक्ती म्हणाल तर शून्य. भूत समोर आल्यावर तो स्वयंपाकघरातले साधे मीठ फेकतो, खांदे जखडलेल्या बाईला बाधा झाल्याचे सांगून उत्तम मालीश करून देतो, आणि खरोखरच भूत निघाले तर तासाला ३०० येन मजुरीवर ठेवलेल्या मॉबला बोलावून घेतो. हा माणूस थापाड्या आहे, मुलाला राबवून घेतो, आणि मालिका या दोन्हींपैकी काहीही झाकत नाही. तरीही भेदरलेल्या लहानग्या मॉबला पहिल्या भेटीत त्याने जे सांगितले तेच पुढे या मुलाला सावरून धरते. कोणी वेगाने धावतो, कोणाला अभ्यास जमतो, कोणाच्या अंगाला जरा जास्त वास येतो, तशीच तुझी ही शक्ती आहे. तिच्यामुळे तू इतरांहून वर जात नाहीस, ती माणसांवर उगारायची नाही, आणि चांगला माणूस होणे हेच खरे, असे त्या बोलण्याचे सार होते. थाप मारण्यासाठी बसलेल्या माणसाच्या तोंडून योग्य वेळी योग्य गोष्ट निघून गेली, आणि पुढची सगळी वर्षे त्या एका वाक्याला शोभेल असे वागण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. ताकाहिरो साकुराई यांनी रेगेनला दिलेला आवाज केवळ ऐकण्यासाठीही ही मालिका पाहावी. गिऱ्हाइकाशी बोलतानाची अस्खलित बडबड आणि मॉबशी बोलताना मधूनच खाली येणारा स्वर यांतला फरक त्यांनी फार नेमका राखला आहे. मॉबचा आवाज सेत्सुओ इतो यांचा आहे, आणि इतके सपाट बोलूनही त्या बोलण्यात जीव कसा राहतो याचे मला प्रत्येक भागात नवल वाटले.

आपल्याकडे सिद्धींकडे पाहण्याची एक जुनी रीत आहे. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचे कोरे पत्र पाहून मुक्ताईने काढलेले उद्गार मराठी घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतात. रेगेनची शिकवण ऐकताना मला ती गोष्ट सहज आठवली, आणि शक्तीच्या जोरावर स्वतःला निवडक समजणारे या मालिकेतले खलनायक मला एकदम ओळखीचे वाटले.

चित्रणाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण अनेक प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत इथेच अडखळतात. 'वन' यांचे मूळ रेखाटन कच्चे, थरथरत्या हाताचे आहे. ते घासूनपुसून गुळगुळीत करण्याचा मोह दिग्दर्शक युझुरु ताचिकावा आणि पात्ररचनाकार योशिमिची कामेदा यांनी टाळला. माणसांचे चेहरे वेडेवाकडे, डोळे दोन ठिपक्यांएवढे, हातपाय प्रसंगानुसार लांब-आखूड. पण हेच चेहरे हालचाल सुरू झाली की असे काही जिवंत होतात की सुबकपणाची आठवणही राहत नाही. शक्तीचा स्फोट होताना रेषा पेन्सिलीच्या खुणांसकट पडद्यावर येते, रंग आपली हद्द सोडतात. त्यात मियो सातो यांनी काचेवर रंगाने काढलेली चित्रे मिसळली आहेत. काचेवर ओला रंग पसरायचा, छायाचित्र घ्यायचे, रंग थोडा पुसून पुढची चौकट काढायची, अशा या पद्धतीत आधीचे चित्र कायमचे नाहीसे होते. पहिल्या पर्वाचे अखेरचे गीत याच तंत्राने केले आहे, आणि त्यात रेगेन घरी परततो तो साधा प्रवास मी एकदाही वगळला नाही. केन्जी कावाई यांचे संगीत आणि आकडे मोजत चढत जाणारे पहिल्या पर्वाचे सुरुवातीचे गीत यांनीही मालिकेचा श्वास ठरवला आहे.

मला सर्वांत प्रिय आहे तो दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग. विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीत मॉबला उभे केले जाते आणि साऱ्या शाळेसमोर, व्यासपीठावर, तो एक शब्दही बोलू शकत नाही. त्यानंतर एमी नावाची मुलगी त्याच्यासोबत घरी चालत जाऊ लागते. मैत्रिणींनी लावून दिलेली ती एक थट्टा असते. चालता चालता ती आपण कादंबरी लिहीत असल्याचे सांगते आणि त्याला वाचायला देते. पुढे त्याच मैत्रिणी ते हस्तलिखित रस्त्यात फाडून टाकतात, एमीही त्यांच्याबरोबर हसते, आणि मॉब गुडघे टेकून कपटे गोळा करू लागतो. कोणाला बोल लावत नाही, आकडा चढत नाही, स्फोट होत नाही. शेवटी तो आपली शक्ती वापरतो ती फक्त फाटलेली पाने जुळवण्यासाठी. कागदाचे शेकडो तुकडे हवेत तरंगत एकमेकांना शोधतात. आठवीतली माझी भाची, जी पाहुण्यांसमोर तोंडातून अक्षर काढत नाही, हा भाग माझ्याशेजारी बसून पाहत होती. तो संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मावशी, हा परत लावू या का?" आम्ही तो परत लावला. दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष मॉबकडे कमी आणि एमीच्या चेहऱ्याकडे जास्त होते, कारण हसण्यामागे काय लपवले आहे हे तिला स्वतःलाच त्या क्षणी कळत जाते.

याच पर्वात मोगामी नावाच्या दुष्ट आत्म्याने रचलेल्या मायावी जगात मॉबला शक्तीविना, मित्रांविना सहा महिने काढावे लागतात, आणि तिथला शाळेतला छळ इतका खरा आहे की लहान मुलांनी हा भाग मोठ्या माणसाच्या सोबतीने पाहावा. त्यानंतर लगेच मॉब आणि रेगेन यांच्यात फूट पडते. वाढदिवसाला आईच्या एका निरोपाखेरीज कोणाची आठवण न आलेला, एकट्याने दारू प्यायला बसलेला रेगेन, आणि पुढे पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांच्या गराड्यात घेरला गेलेला रेगेन, हे दोन भाग मी या मालिकेचे शिखर मानते. तिथे काय घडते ते सांगणार नाही. त्या माणसाच्या तोंडून अखेर दोन खरे शब्द निघतात आणि ते कोणासाठी आहेत हे सभागृहात एकालाही कळत नाही, एवढेच सांगते.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. पहिल्या पर्वाचा शेवटचा तृतीयांश 'क्लॉ' या शक्तिधारी खलनायकांच्या संघटनेच्या एका शाखेशी होणाऱ्या लढतीत जातो. एकामागून एक शक्तिमान माणसे येतात, आपला प्रकार दाखवतात आणि विस्मरणात जातात. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस शहराचा विध्वंस इतके भाग चालतो की डोळे दिपतात आणि मन मात्र थकते. याहून मला अधिक खटकले ते त्सुबोमीचे चित्रण. जिच्यासाठी मॉब धावायला, व्यायाम करायला, बोलायला शिकतो, ती मुलगी जवळजवळ शेवटपर्यंत दूरवरची आकृती राहते. तिचे म्हणणे जेव्हा ऐकू येते तेव्हा ते ठाम आणि शहाणे आहे, म्हणून तर ते इतक्या उशिरा आल्याची चुटपुट लागते. एमीसारखे पात्रही एका भागापुरते येऊन मागे पडते.

याउलट ज्यांच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती अशी पात्रे मन जिंकतात. शाळेतल्या टेलिपथी (न बोलता मनाने संवाद) मंडळात जाऊन चकाट्या पिटण्याऐवजी मॉब शरीर सुधारणा मंडळात दाखल होतो. तिथली दांडगी, पिळदार मुले या काटकुळ्या, दर धावण्यात बेशुद्ध पडणाऱ्या मुलाला हसत नाहीत. त्याला उचलून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोबत धावायला नेतात. शाळेच्या गोष्टींत बलदंड मुले म्हटली की गुंड, हा ठरून गेलेला साचा इथे इतक्या सहजपणे मोडला आहे की त्याकडे कोणी बोटही दाखवत नाही.

तिसरे पर्व या साऱ्यांना एकत्र आणते. त्यात शहराच्या मध्यावर उगवलेली राक्षसी ब्रोकोली आहे, डिंपल या लुब्ऱ्या भुताची मैत्री कसाला लागते तो हृदय पिळवटणारा प्रसंग आहे, आणि टेलिपथी मंडळाच्या तोमेसाठी रात्री डोंगरावर काढलेली सहल आहे, जी मला त्या ब्रोकोलीपेक्षा कितीतरी अधिक भावली. शेवटच्या भागांत मॉबने इतकी वर्षे दाबून ठेवलेला स्वतःचाच अंश त्याच्यासमोर उभा राहतो. तेव्हा ज्यांच्या ज्यांच्यासाठी तो आजवर थांबला होता ती माणसे एकेक करून त्या वादळात शिरतात. मी मालिका मूळ जपानी आवाजात, इंग्रजी उपशीर्षकांसह पाहिली, आणि जिथे शक्य असेल तिथे मूळ आवाजच निवडावा असे मी आग्रहाने सुचवेन, कारण मॉब ज्या आदराने रेगेनला 'शिशो' म्हणजे गुरू म्हणतो, तो आदर अहो-जाहोची सवय असलेल्या आपल्या कानाला इंग्रजी शब्द न वाचताही कळतो. पहिले तीन भाग आरडाओरड्याचे वाटले तरी सोडू नयेत, आणि आठवीच्या पुढचे कोणी घरात असेल तर दुसरे पर्व त्याच्याशेजारी बसून पाहावे.