ऑफिसची चित्रपट्टी पुस्तकातून वाचताना : ‘डिल्बर्ट’चा एक जुना संग्रह

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जुनी इंग्रजी पुस्तके विकणाऱ्या एका दुकानात गेल्या महिन्यात मला स्कॉट अ‍ॅडम्स यांच्या ‘डिल्बर्ट’ या चित्रपट्टीचा (कॉमिक स्ट्रिपचा) ‘सेव्हन इयर्स ऑफ हायली डिफेक्टिव्ह पीपल’ हा 1997 सालचा संग्रह 200 रुपयांना मिळाला. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, खरेदी विभागात मी 19 वर्षे नोकरी करते आहे. ही पट्टी मी अधूनमधून पाहिली होती, कुणीतरी छापून कपाटाच्या दाराला चिकटवलेली किंवा मोबाईलवर पाठवलेली. पण सलग पुस्तक हाती घेऊन कधी वाचली नव्हती. आता वाचून झाल्यावर वाटते, की ऑफिसवरची चित्रपट्टी खऱ्या अर्थाने वाचायची असेल तर ती संग्रहातूनच वाचावी.

या संग्रहाची मांडणी तारखेनुसार नसून पात्रांनुसार आहे. डिल्बर्ट हा इंजिनिअर, डॉगबर्ट हा त्याचा कुत्रा, टोकदार केसांचा बॉस, वॉली, अ‍ॅलिस, मनुष्यबळ विभाग सांभाळणारे कॅटबर्ट हे मांजर अशा एकेकाच्या निवडक पट्ट्या एकत्र येतात आणि कडेला अ‍ॅडम्स यांची स्वतःची टिपणे असतात. रोज एक पट्टी वाचताना जे कधीच ध्यानात येत नाही ते इथे उघड दिसते. बॉसचेच उदाहरण घ्यावे. सुरुवातीच्या पट्ट्यांमध्ये तो नुसताच खेकसणारा अधिकारी आहे आणि त्याचे केसही साधेच आहेत. पुढे केस दोन्ही बाजूंनी हळूहळू वर चढत शिंगांसारखे होतात, आणि तेवढ्याच सावकाशीने त्याचा दुष्टपणा मागे पडून अज्ञान पुढे येते. त्याला नाव मात्र अखेरपर्यंत दिलेले नाही. वाचणाऱ्याने तिथे आपल्या साहेबाचे नाव घालावे, हाच त्यामागचा हेतू होता.

ही पट्टी 16 एप्रिल 1989 रोजी सुरू झाली तेव्हा अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियात पॅसिफिक बेल या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते, आणि 1995 पर्यंत ती नोकरी सांभाळूनच त्यांनी रोजची पट्टी काढली. पहिली काही वर्षे तिचा बराचसा भाग डिल्बर्टच्या घरात, त्याच्या आणि कुत्र्याच्या संवादात घडतो. 1993 मध्ये त्यांनी पट्टीतच स्वतःचा ईमेल पत्ता छापायला सुरुवात केली आणि वाचकांची पत्रे येऊ लागली. लोकांना घरापेक्षा ऑफिसच्या पट्ट्या हव्या आहेत, हे त्यांना त्या पत्रांवरून कळले. वाचक आपापल्या कचेरीतले प्रसंगही लिहून कळवू लागले, आणि पट्टीचा मुक्काम हळूहळू क्युबिकलमध्ये, म्हणजे ऑफिसातल्या आडोसा घातलेल्या छोट्या कप्प्यात, हलला. कॅटबर्टचे नावसुद्धा वाचकांनीच दिलेले आहे; मांजर एकदा पट्टीत आले आणि लोक आपणहून पत्रांत त्याला त्या नावाने ओळखू लागले. मला या संग्रहांच्या लोकप्रियतेचे मूळ इथे दिसते. एका माणसाने उंचावरून पाहून रेखाटलेले हे ऑफिस नव्हे. त्यात हजारो नोकरदारांनी आपापल्या टेबलावरचा माल भरलेला आहे.

मला सर्वांत आवडले ते वॉलीचे प्रकरण. कॉफीचा मग हातात घेऊन फिरणारा आणि काम न करण्यासाठी अपार कष्ट घेणारा हा माणूस अ‍ॅडम्स यांच्या एका प्रत्यक्षातल्या सहकाऱ्यावरून आला. कंपनीने कामात सर्वांत मागे असलेल्यांना चांगले पैसे देऊन मोकळे करायचे ठरवले, आणि त्या पैशांसाठी हा हुशार माणूस मुद्दाम वाईट काम करू लागला. हे वाचल्यावर वॉलीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. तो आळशी आहे, पण त्याचा आळस नियम नीट वाचून पत्करलेला आहे. नियम चुकीचा असला की शहाणा माणूसही त्याला धरून चुकीचेच वागतो, ही गोष्ट खरेदी विभागात मी फार जवळून पाहिली आहे. तीन दरपत्रके फाईलला लावलीच पाहिजेत असा दंडक असला, की ज्याच्याकडून माल घ्यायचा आहे तोच पुरवठादार उरलेली दोन दरपत्रकेही मिळवून देतो. फाईल निर्दोष होते, दर मात्र एक रुपयानेही उतरत नाही.

आमच्या भागातील वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात पाऊल टाकले, तर स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत गुणवत्ता धोरण लावलेले असते. प्रमाणपत्राचे ऑडिट जवळ आले की ते सर्वांकडून पाठ करून घेतले जाते. मी ते इंग्रजीत पाठ केले आहे, मराठीत पाठ केले आहे, आणि भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसांनी ते एकमेकांना म्हणून दाखवतानाही ऐकले आहे. या संग्रहात कंपनीचे ध्येयवाक्य ठरवण्यासाठी भरणाऱ्या बैठका आहेत. त्या वाचताना मला प्रथम हसू आले आणि मग बराच वेळ मी पुस्तक मांडीवर तसेच ठेवून बसले. इतकी वर्षे जे आपल्याच कारखान्याचे वैगुण्य समजत होते, ते समुद्रापलीकडच्या टेलिफोन कंपनीतही तसेच होते. त्या क्षणी मनावरचा काही भार कमी झाला, आणि पुस्तकाचे 200 रुपये मला तिथेच वसूल झाले.

आपल्या दिवाळी अंकांतून ऑफिसवरची हास्यचित्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. साहेब, त्यांची स्टेनो, फाईलींच्या ढिगाआड झोपलेला कारकून, दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई हे सगळे त्यात भेटतात. त्या एका चौकटीतली रेषा डिल्बर्टच्या रेषेपेक्षा कितीतरी सरस असते, याबद्दल मला शंका नाही. पण एका चौकटीत प्रसंग मावतो, सवय मावत नाही. कालची बैठक आजही भरते, उद्याही भरणार असते आणि प्रत्येक वेळी तीच माणसे तेच बोलतात, हा कचेरीचा खरा अनुभव आहे. तो पकडायला तीन चौकटी, तीच पात्रे आणि वर्षानुवर्षांचा काळ लागतो. मराठीत ऑफिसच्या जीवनावर अशी दीर्घकाळ चाललेली चित्रपट्टी आणि तिचे संग्रह असावेत, ही माझी जुनी इच्छा या पुस्तकाने पुन्हा जागी केली.

उणिवाही आहेत. चित्रकला अगदी प्राथमिक आहे. डिल्बर्टला बहुतेक वेळा तोंडच नसते आणि त्याचा टाय सदैव वर वळलेला असतो. सलग 40 पाने वाचली की विनोदाची चाल आधीच कळू लागते, म्हणून रोज रात्री दहा-बारा पानांवर थांबणे चांगले. मला अधिक खटकले ते असे, की या ऑफिसमध्ये हाताने काम करणारी माणसे जवळपास नाहीतच. माझ्या टेबलापासून 50 पावलांवर लोखंड वितळते आणि त्याचा वास फाईलींना येतो. असा कारखाना या पुस्तकाच्या जगाबाहेर राहतो. आयआयटीत शिकलेला भारतीय प्रशिक्षणार्थी अशोक भेटावा असे वाटत असेल, तर 1996 नंतरच्या पट्ट्यांचे संग्रह पाहावे लागतील.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय या पुस्तकाची शिफारस करणे मला प्रामाणिक वाटत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये अ‍ॅडम्स यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांविषयी केलेल्या वक्तव्यांनंतर अमेरिकेतील अनेक वृत्तपत्रांनी ही पट्टी बंद केली आणि तिच्या वितरकांनीही त्यांच्याशी संबंध तोडले. ती वक्तव्ये मला निंद्य वाटतात. तरीही वाचकांच्या पत्रांतून घडलेली 1990 च्या दशकातली ही पाने मी ठेवून घेतली आहेत, कारण त्यांच्यात त्या असंख्य नोकरदारांचाही वाटा आहे.

विकत घेताना जुन्या प्रतीची बांधणी तपासावी. माझ्या प्रतीची शेवटची काही पाने सुटली होती, ती मला चिकटवून घ्यावी लागली. कडेची टिपणे बारीक अक्षरातली आहेत, त्यामुळे उजेड चांगला हवा. इंग्रजी फार अवघड नाही. मी ही प्रत आमच्या मोल्डिंग विभागाच्या सुपरवायझरांना वाचायला दिली होती. दोन आठवड्यांनी परत आली तेव्हा खुणेसाठी घातलेली केएमटीची (कोल्हापूरच्या शहर बसची) पाच तिकिटे आत तशीच होती, आणि त्यांपैकी तीन बॉसच्या प्रकरणात होती.