पेन्शन विकायची की पूर्ण ठेवायची?

जिल्हा परिषदेतल्या जुन्या पेन्शनवाल्या गुरुजींची मूळ पेन्शन 30,000 धरू. त्यातली 40 टक्के विकली, म्हणजे अंशराशीकरण केलं, की 58 व्या वर्षी हाती सुमारे 12 लाख येतात. बदल्यात 15 वर्षं महिन्याला 12,000 कमी. महागाईवाढ मात्र पूर्ण 30,000 वरच मिळते, आणि मधेच बरंवाईट झालं तरी कुटुंब पेन्शनला कात्री लागत नाही. डोक्यावर सावकाराचं कर्ज असेल तर विकणंच बरं.

नाही विकली, तर कोरडवाहू वावरात कपाशी-सोयाबीन बुडालं तरी किराणा चालतो. एकरकमी पैसा गावात लपत नाही: बोअर कोरडी जाते, हातउसने परत येत नाहीत. मागाहून विकावीशी वाटली तर निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज करा. वर्ष उलटून गेल्यावर अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागते.