चंद्रावरच्या जेलमधनं पळून जायचं तरी कुठं?

जेलमधनं पळायची गोष्ट म्हटलं की भुयार, दोरखंड, डुलक्या घेणारा पहारेकरी असलं कायतरी डोळ्यासमोर येतं. रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाच्या 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' या कादंबरीत यातलं काहीच नाही आणि तरी पुस्तक लई भारी आहे. 1966 चं आहे, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या 3 वर्षं आधीचं, 1967 ला विज्ञानकथांसाठीचं ह्यूगो अवॉर्डपण मिळालंय.

गोष्ट घडते 2075 मध्ये. चंद्राचं पार काळं पाणी करून टाकलंय, गुन्हेगार, राजकीय कैदी, नको असलेली माणसं सगळी तिकडं. जमिनीखालच्या शहरांत 30 लाखांच्या आसपास लोक, बेड्या नाहीत, शिक्षा संपली की तू मोकळा, पण परत कोण येत नाही कारण येताच येत नाही. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश, तिथं काही काळ राहिलं की शरीर असं बदलतं की पृथ्वीवर उभं राहायचे वांदे. हे नुसतं कल्पनेतलं नाही हं, स्पेस स्टेशनवर वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला 1 ते दीड टक्क्यानं घटते, मार्च 2025 मध्ये सुनीता विल्यम्स 286 दिवसांनी परत आल्या तेव्हा स्ट्रेचरवरनं नेलेलं आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. म्हणजे जेल अंगातच भिनलेला. मग हे लोक ठरवतात, आपण कशाला जायचं, जेलरलाच घालवू. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

आणि भांडण कशावरनं, तर गव्हावरनं! चंद्रावर बोगद्यांत शेती करायची, बर्फ खणून पाणी काढायचं, पिकलेलं धान्य पृथ्वीला पाठवायचं, दर ठरवणार एकटी सरकारी ऑथॉरिटी. धान्याबरोबर पाणीपण चाललंय आणि ते कधी परत येत नाही, असंच चालू राहिलं तर 7 वर्षांत अन्नासाठी दंगली होणार असा हिशोब कॉम्प्युटर मांडतो. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेली माणसं आहेत आपली.

मधे एक गंमत आहे. हिरो मॅनी आणि म्हातारे प्रोफेसर धान्याच्या यानात लपून पृथ्वीवर येतात, आणि त्यांची सुनावणी कुठं तर आग्र्याला! तिथं दाद मिळत नाही आणि पुढं कैद होते, मग एक मित्र सोडवून नेतो. आता 1666 आणि पेटारे आठवल्याशिवाय मराठी माणूस हे वाचूच शकत नाही, मी तर एकटाच हसत बसलोवतो. मॅनी इथं व्हीलचेअरवर, स्वतःचं वजन सहापट झाल्यावर साधं बसून राहणंपण कसं जड जातं ते वाचताना आपलेच खांदे दुखायला लागतात.

लढाईचं हत्यारपण डोकेबाज. धान्य फेकायचं जे लांबलचक इलेक्ट्रिक यंत्र आहे त्यातनंच दगड फेकायचे. चंद्रावरनं सुटायला सेकंदाला 2.4 किलोमीटर वेग पुरतो, पृथ्वीवरनं 11.2 लागतो, त्यामुळं वरचा माणूस गरीब असला तरी जागा त्याची मोक्याची.

आता नावडलेलं. प्रोफेसरसाहेब बोलायला लागले की थांबतच नाहीत, मधली पानं म्हणजे निवडणुकीच्या आधीची सभा, मी सरळ चाळली. वायो नावाची बाई सुरुवातीला स्टेज गाजवते आणि पुढं पुढं तिला कामच उरत नाही, इथं लेखकाचा जमाना दिसतो. शिवाय इंग्रजी तोडकंमोडकं, मॅनी रशियन वळणाचं बोलतो, सुरुवातीची पानं डोक्याला ताप.

पण माइकसाठी तेवढं सोसा. माइक म्हणजे तिथला मुख्य कॉम्प्युटर, मशीन जोडत जोडत एक दिवस त्याला जाग आली आणि पहिलं काय केलं तर चेष्टा, एका झाडूवाल्याच्या पगाराच्या चेकवर 185 च्या मागं कोटी-कोटींचे आकडे चढवले. मॅनी दुरुस्तीला येतो आणि दोघांची दोस्ती होते, कारण याला विनोद कशाला म्हणतात ते शिकायचंय. आजकाल एआयशी गप्पा मारणाऱ्यांनी तर वाचायलाच पाहिजे.

छापील मागवायच्या आधी फोनवर फुकट सँपल मिळतंय का बघा, चेकचा किस्सा अगदी सुरुवातीलाच आहे. तिथं हसू आलं नाही तर पैसे घालवू नका, त्यापेक्षा एक मिसळ खाऊन या.