40 पौंडी पाती, नऊ महिन्यांनंतर: पात्यावरचा आकडा आणि माझ्या हातातला आकडा

धनुष्यासाठी मी 40 पौंडी पाती घेतली होती. पाती म्हणजे धनुष्याचे वाकणारे वरचा-खालचा असे दोन भाग, आणि पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. सहाव्या महिन्यात एका संध्याकाळी धनुष्याला दोरी चढवताना वरच्या पात्याच्या टोकाशी, दोरीचा फास बसतो त्याच्या जरासं खाली, केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. फायबरग्लासचा थर लाकडी गाभ्यापासून सुटायला लागला होता. अशा पात्यावर पुढे एकही बाण मारायचा नसतो, त्यामुळे सराव तिथेच थांबला. त्यानंतर विक्रेत्याशी सात आठवडे जे चाललं, त्यातून ही पाती मला खरी कळली.

सेटअप साधा आहे: 25 इंची रायझर (धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग), आखूड पाती, एकूण 66 इंच. पहिल्याच फोनवर उत्तर आलं, "मॅडम, बाण न लावता दोरी सोडली असणार." रिकामी दोरी सोडली की बाणात जायची ताकद पात्यांतच परत आदळते आणि पाती फुटतात, हे मला माहीत आहे. पण मी ते एकदाही केलेलं नाही. स्ट्रिंगरशिवाय (दोरी चढवायच्या साधनाशिवाय) दोरी चढवलेली नाही, धनुष्य कधी बंद गाडीत उन्हात ठेवलेलं नाही. फोटो पाठवले, पावती पाठवली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तोच प्रश्न. शेवटी पाती बदलून मिळाली, पण चूक माझीच होती असा सूर जाईना. त्याचा राग अजून आहे.

त्यांच्याशी बोलताना एकाने विचारलं, "तुम्ही नक्की किती पौंड ओढता?" मी म्हटलं, 40. पात्यावर तेच छापलंय. खात्री असावी म्हणून काटा लावून मोजलं, तर 35.5.

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती सुटलेल्या थराहूनही मोठी आहे. पात्यावरचा आकडा 28 इंच ओढीसाठी, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावरचा असतो. ही 28 इंचही ग्रिपच्या सगळ्यात खोल जागेपासून 26¼ आणि वर 1¾ अशी धरतात. माझी ओढ 26 इंच आहे. या जातीच्या पात्यांत इंचामागे साधारण दोन पौंड कमी-जास्त होतात. म्हणजे माझ्यासारख्या आखूड हाताच्या माणसाला 40चे 36 मिळतात आणि 30 इंच ओढणाऱ्या उंच माणसाला तीच पाती 44ची लागतात. शिवाय रायझरवरचे बोल्ट फिरवले की आणखी थोडा फरक पडतो. एवढ्या महत्त्वाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत "28 इंचांवर" एवढंच. पहिल्यांदा धनुष्य घेणाऱ्याला त्यातून काय कळणार? विकताना माझी ओढ कुणी मोजली नाही. उंचीही विचारली नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही पुन्हा सांगते: आधी ओढ मोजून घ्या, मग पौंड ठरवा.

आता 40च का घेतली, ते. मी बारीक अंगाची. मनगटं पाहूनच लोक म्हणायचे, तुला दोरी ओढवणार का? आणि डोक्यात रॉबिन हूडच्या काळातले धनुर्धारी होते, रुंद पाठीचे, सहा फुटी यू लाकडाचं धनुष्य कानापर्यंत ओढणारे. 1545 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या मेरी रोझ या युद्धनौकेवर अशी शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. त्यांची ओढ अभ्यासक साधारण 100 ते 185 पौंड धरतात. 185 पौंड म्हणजे 84 किलो, तेही तीन बोटांवर. त्यापुढे 40 म्हणजे मला किमान वाटलं. त्याहून कमी घेणं मला कमीपणाचं वाटलं.

पात्यांच्या वाटाघाटी चालू असताना सरांनी मैदानावरची 24 पौंडी शिकाऊ पाती लावून दिली. माझ्या ओढीला ती जेमतेम 20-21 भरत असतील. पहिला आठवडा वाईट गेला. माझे बाण 40साठी घेतलेले, या पात्यांना फार ताठ, त्यामुळे सगळे डावीकडे जाऊन बसायचे. नेम धरायची साइट बरीच खाली आणि डावीकडे न्यावी लागली. मी मनात पाती परत येण्याचे दिवस मोजत होते.

तिसऱ्या आठवड्यात, 18 मीटरवर, 40 सेंटिमीटरच्या कागदावर सहाही बाण लाल-पिवळ्यात. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच. जड पात्यांवर सहा महिन्यांत माझ्याकडून हे दोनदा झालं असेल.

त्या दिवशी सरांनी माझाच जुना व्हिडिओ दाखवला. 40वर तिसऱ्या बाणापासूनच धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा कानाकडे चढतोय. उजवं कोपर मागे जात नाही, बाहेर राहतं, आणि ओढ सगळी दंडाने चाललीय. अँकर, म्हणजे दोरी ओढून हात टेकवायची ठरलेली जागा, ती हनुवटीखाली; तिथे पोचायच्या आत बाण सुटतोय. मी सोडत नव्हतेच. एका सरावात 60 बाण धरले तर 35.5 पौंडांनी 966 किलोची ओढ होते, आणि ती सगळी चुकीच्या स्नायूंवर. उजवा खांदा रात्री ठणकायचा, त्यालाही मी प्रगती समजत होते. हलक्या पात्यांवर पहिल्यांदा पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधली जागा आवळलेली जाणवली. कोपर आपोआप मागे गेलं. दंड सैल राहिला.

मग त्या जुन्या धनुर्धाऱ्यांबद्दल नीट वाचलं आणि माझं मत फिरलं. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने 1549मध्ये राजापुढच्या प्रवचनात आपल्या वडिलांची आठवण सांगितली होती. वडिलांनी त्याला दंडाच्या जोराने ओढायचं नाही, अंग धनुष्यात घालायचं, असं शिकवलं. वय आणि ताकद पाहून धनुष्य घेऊन दिलं, आणि तो वाढेल तसं मोठं धनुष्य आणलं. म्हणजे ते 100 पौंड बालपणापासून एकेक पायरी चढून आले होते. आणि त्याचं मोल शरीर देत होतं. फऱ्याच्या टोकाचं हाड विशीच्या आसपास मूळ हाडाला जुळतं. मेरी रोझवरच्या सांगाड्यांत ते न जुळलेले खांदे नेहमीपेक्षा जास्त सापडले, आणि अभ्यासक त्याचा संबंध लहानपणापासूनच्या जड धनुष्याशी लावतात. मी हे सहा महिन्यांत करू पाहत होते, चाळिशीनंतर.

रॉबिन हूडची दंतकथाही मी अर्धीच ऐकली होती. जुन्या इंग्रजी गीतांत सात फुटांचा आहे तो रॉबिनचा साथीदार लिटल जॉन. काठीच्या लढाईत तो रॉबिनला पुलावरून पाण्यात पाडतो. बारीक काठी उभी करून ती बाणाने चिरायची वेळ येते, तेव्हा नाव रॉबिनचं असतं. आज ऑलिंपिकला 70 मीटरवर 12.2 सेंटिमीटरचं दहाचं वर्तुळ असतं. तिथले पुरुष खेळाडूही साधारण 45 ते 50 पौंडांवर असतात आणि पात्रता फेरीत 72 बाण एकसारखे सोडतात. जन्मतः दोन्ही हात नसलेली शीतल देवी पायाने धनुष्य धरून खांद्याने ओढते. तिने 2024च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवलं. तिचं कंपाउंड धनुष्य आहे, पूर्ण ओढीला कप्प्या बराच भार उचलतात, मान्य. पण "शरीरयष्टी" हा शब्द तिच्यानंतर मी जपून वापरते.

पात्यांबद्दल उरलेलं थोडक्यात. ओढ शेवटपर्यंत मऊ आहे, अखेरच्या इंचात अडकल्यासारखं होत नाही. पीळ पडलेला नाही. बोल्टला टेकते तिथला रंग दुसऱ्याच महिन्यात उडाला. बदलून आलेल्या जोडीला अजून काही झालेलं नाही. 28 इंच किंवा जास्त ओढ आणि निदान दोन वर्षांचा सराव असेल तर घ्या. नवीन असाल तर याच कंपनीची 24 किंवा 26ची बघा.

मी आता 28 पौंडी जोडीवर आहे. 40ची पाती आठवड्यातून एकदा बाहेर काढते. बाण लावून पूर्ण ओढते, धरते, आणि न सोडता सावकाश परत आणते. खांदा वर सरकायला लागला की मोजणं बंद. पहिल्या दिवशी 4 सेकंद झाले होते. परवा 11 झाले.