चुना सांगून सिमेंट भरून गेला, जुनं घर असेल तर वाचा

आमचं घर आजोबांच्या वेळचं, विटांचं, चुन्यात बांधलेलं. दर्जा, म्हणजे विटांमधल्या माल भरलेल्या फटी, इतक्या पोकळ झालेल्या की बोट घातलं तरी भुसा पडायचा. त्या परत भरायला एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, मोबाईलवर जुन्या कामांचे फोटो दाखवले, मी म्हटलं चुन्यातच करायचं तर म्हणे "साहेब, जुन्या भिंतीला मी सिमेंट लावतच नाही". कोटेशनवर पण चुनाच लिहिलेला. निम्म्याहून जास्त पैसे अ‍ॅडव्हान्स दिले, पहिला गाढवपणा तो.

चार दिवसांत अख्खी भिंत झाली तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, जुना माल छिन्नीने नीट उकरायलाच तेवढे दिवस जातात. दुसऱ्या दिवशी किल्ली घासून बघितली तर ओरखडासुद्धा उठेना आणि मी येडा खुश, काय मजबूत काम म्हणून! चुना एवढ्या लवकर कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन्महिने घट्ट होतो, हे कळलं नंतर.

पाऊस झाला आणि दर्जा जशाच्या तशा पण विटांचे पोपडे निघायला लागले, खाली रोज लाल भुगा, भिंतीवर क्षारांचा पांढरा लोणा. एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घातला तर पट्टीच हातात आली, जेमतेम 5 मिमी जाड, वरून पिवळसर हात फिरवलेला, मोडली तर आत करडं सिमेंट. आणि मागे तोच जुना भुसा! फोन केला तर "थोडं सिमेंट सगळेच टाकतात हो", मग नंबर ब्लॉक.

दुसऱ्या मिस्त्रींनी समजावलं की भिंतीतली ओल चुन्याच्या दर्जेतून सुकते, ती वाट सिमेंटने बुजवली की ओल विटेतून निघते, सोबत क्षार आणते आणि वीट फोडते. दर्ज विटेपेक्षा मऊच हवी, झिजली तर परत भरता येते, वीट कुठून आणणार? उकरायचं दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट तरी, म्हणजे 10 मिमीची दर्ज असेल तर 20-25 मिमी खोल. काडीवर खूण करून माल भरायच्या आधी स्वतः खुपसून बघा, भरून झाल्यावर संध्याकाळी जाऊन काही दिसत नाही.

आता ते सिमेंट काढताना विटांच्या कडा पण सोबत येतायत. मिस्त्रींनी दोन हात पट्टा चुन्यात करून ओल्या गोणपाटाने झाकलाय, मी रोज किल्ली घासून बघतो, अजून ओरखडा उठतोय.