पाटीवर ३ एचपी, आत दीड एचपीची मोटर: तेलघाणी घेताना झालेली फसवणूक

आम्ही ऐरोलीत राहतो, शेती मुरबाडला. काका तिथल्या वरकस जमिनीवर दरवर्षी खुरासणी (कारळे, तेलबी) घेतात. व्यापारी भाव पाडून मागतात, म्हणून तेल काढूनच विकायचं ठरलं आणि तुर्भे एमआयडीसीतल्या एका गाळ्यातून ६८ हजारांची स्क्रू प्रेस, म्हणजे मोटरवरची तेलघाणी, आणली. त्यात आम्हाला उघड उघड लुटलं. असला माल ठाणे-कल्याण पट्ट्यात अजून विकला जातोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

डेमो शेंगदाण्याचा दाखवला. बॅरल, म्हणजे बी दाबलं जातं ती नळी, आधीच तापलेलं, दाणे कोमट. तेलाची धार बघून बाबा खूश झाले. "बाबा, तासाला ४० किलो कुठेच गेलं नाही, घरच्या मीटरवर आरामात चालेल," असं विक्रेता म्हणाला. पण शेंगदाण्यात तेल ४५ टक्क्यांच्या पुढे असतं, खुरासणीत साधारण ३५ ते ४०. शिवाय खुरासणीचं बी बारीक, सालासकट दाबायचं. मशीनवर ताण जास्त येतो. डेमो नेहमी आपलंच बी पोत्यातून नेऊन मागा, आणि मशीन थंड असताना सुरू करायला लावा.

शेतावर मशीनने हॉपरमध्ये (बी ओतायच्या तोंडात) बी पडताच मान टाकली. पेंड इतकी ओली की मुठीत दाबली तर बोटांना तेल लागायचं. फोनवर उत्तर ठरलेलं: "तुमच्याकडे व्होल्टेज नाही, त्याला आम्ही काय करणार?" यात अर्धं खरं होतं, आणि असल्या अर्ध्या खऱ्यावरच हे लोक जगतात. लोडवर आमच्याकडे १९५ व्होल्ट मिळत होते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० च्या तुलनेत चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त जोर तिथेच गेला.

तरी वायरमनला शंका आली. त्याने मशीन भातगिरणीवर नेलं, तिथे व्होल्टेज पूर्ण होतं. वायरीतला प्रवाह मोजणारं क्लॅम्प मीटर लावून बी घातलं, तर ९ अँपिअरलाच मोटर दम तोडायला लागली. खऱ्या ३ एचपी सिंगल फेज मोटरला पूर्ण लोडवर १३-१४ अँपिअर लागतात. मग मोटर रिवाइंडिंगवाल्याने (मोटर दुरुस्त करणाऱ्याने) नेमप्लेट उचकटली. चकचकीत पाटीखाली जुन्या रिवेटची भोकं होती आणि बॉडीवर कोरलेलं १.१ किलोवॅट. म्हणजे दीड एचपी. ३ एचपीला २.२ किलोवॅट हवेत. बिलावर फक्त "तेलघाणी, १ नग". मोटरचा एचपी नाही, सीरियल नंबर नाही.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने दुसरा गळ टाकला: आणखी १८ हजार भरा, थ्री फेज मोटर घ्या आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर लावा, वीज मोफतच आहे. हा सल्ला कुणीही ऐकू नका. साडेसात एचपीपर्यंतची मोफत वीज पाणी उपसण्यासाठी आहे. त्यावर तेलघाणी चालवली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, ती वेगळीच अडचण. जनरेटर लावणार असाल तर मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे धरूनच निवडा.

अनुदानाचीही थाप होती. "३५ टक्के आम्ही काढून देतो" म्हणत फाइलचे ५ हजार घेतले. २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना खरी आहे, ३५ टक्के आणि कमाल १० लाख. पण ती बँक कर्जाशी जोडलेली आहे. आम्ही रोखीने घेतलं होतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसाकडून असे पैसे घेताना त्याला काहीच वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. "मशीन धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही" असं विक्रेता सांगतो; स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर कायदा ग्राहक मानतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. तुमच्याकडे अशीच मशीन असेल तर पाटी उचकटण्याआधी फोटो काढा, अँपिअरच्या रीडिंगचा व्हिडिओ घ्या आणि रिवाइंडिंगवाल्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.