एनएसएस घ्यावं का स्वयमवर कोर्स करावा?
मामाचा पोरगा कालपासून डोकं खातोय, दादा एनएसएस म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना घेऊ, का स्वयम या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर पायथॉन कोडिंग शिकू. पैशाचं बघितलं तर स्वयमवर शिकायला काय लागत नाही, सर्टिफिकेट पाहिजे तरच परीक्षेची फी भरायची, एनएसएसला तेवढंपण नाही. वेळेचं गणित मात्र वेगळं हाय, एनएसएसला वर्षाला 120 तास अशी दोन वर्षं आणि वर सात दिवसांचा कॅम्प, स्वयमवरचा एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांचा, कोर्स 4, 8 नाहीतर 12 आठवड्यात संपतो, म्हणजे संपवला तर, माझे दोन अर्धेच पडलेत. पण 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी उतरल्यावर एनएसएसमधून लोकांच्या घरातला चिखल काढताना जे कळलं ते स्क्रीनवर नाय कळत भावा. कोडिंगची नोकरी डोक्यात असेल तर कोर्स, चार लोकांत बोलायला बिचकत असशील तर एनएसएस.